तोंड बघून टाकलेला बॉल

मे महिना संपत आला की आमच्या गल्लीतले कारागीर मुलुखाला निघून जातात. कुणाच्या बहिणीचं लग्न असतं, कुणाला घरावर पत्रे टाकायचे असतात, कुणाला नुसतंच आईला बघायचं असतं. बोचकी रिक्षात कोंबून सगळे जातात आणि भिवंडीच्या निजामपुऱ्यातले निम्मे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद पडतात. मग नको नको ते ऐकू यायला लागतं. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरच्या टीव्हीतली भांडणं, पंख्याची कुरकुर, माझं स्वतःचं चहा पिणं. बाहेरून आलेले पाहुणे म्हणतात, किती शांत वाटतंय ना! माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी उठते, गॅलरीत जाते, परत येते, कपाट उघडते आणि कशासाठी उघडलं ते विसरते.

"बस की गं जरा," आई म्हणते, "पायाला भिंगरी लागली हाय का?"

बसवत नाही. कशेळीच्या गोडाऊनमध्ये, माझ्या ऑफिसात असले की बरं असतं. तिथे ट्रक आहेत, हॉर्न आहेत, ड्रायव्हर लोकांची तोंडं आहेत. घरी आलं की ही शांतता अंगावर येते. खरं सांगायचं तर ही अस्वस्थता मूळची इथली नाहीच. ती मी कोरियातून आणली. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात.

आमच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला ओरडायची सवय नसते, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. लोकांना वाटतं, एवढ्या खडखडाटात राहतात म्हणजे नक्की घसा फोडून बोलत असतील. बाहेरून आलेला माणूस फोडतो बिचारा, आणि आठवड्यात त्याचा घसा बसतो. गल्लीतला माणूस आधी समोर येतो, तोंड दाखवतो, मग ओठ हलवतो. आवाज काढलाच तर सवयीपोटी. बाकी सगळं काम ओठ, भुवया आणि दोन बोटं करतात. चहा किती, शिफ्ट कधी सुटणार, मालक आलाय, पळ. तोंड दिसत नसेल तर बोलण्यात अर्थच नाही, खांद्यावर हात ठेवून माणसाला आधी वळवायचं. मी शाळेत गेले तेव्हा बाईंनी वडिलांना बोलावून विचारलं होतं की हिला कमी ऐकू येतं का, ही सारखी माझ्या तोंडाकडे का बघते. वडील त्याच शाळेत क्लार्क. ते म्हणाले, "बाई, तिचं घर लूमच्या भिंतीला लागून आहे." बाई भिवंडीच्याच होत्या, लगेच समजल्या.

रुखसार माझ्या मागच्याच गल्लीतली. तिचे अब्बू जॉबर, म्हणजे लूम बिघडला की तो दुरुस्त करणारे. घरात हिंदी, माझ्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही. शाळेच्या मैदानावर आमचे सर नेटबॉल शिकवायचे, कारण कबड्डीचं मैदान मुलांनी बळकावलेलं होतं आणि नेटबॉलला एक खांब, एक रिंग आणि एक बॉल पुरायचा. खेळ तसा सोपा. एका बाजूला सात जणी. बॉल हातात आला की तो घेऊन धावायचं नाही आणि तीन सेकंदांच्या आत दुसरीकडे टाकायचा. रिंगेत मारायचं काम फक्त दोघींचं. त्यातली एक मी, गोल शूटर. रुखसार मधली, सेंटर. ती बॉल घेऊन माझ्याकडे बघायची. मी भुवई उडवायची, हनुवटी हलवायची, ओठांनी 'वर' किंवा 'डावी' म्हणायची, आणि बॉल तिथे. समोरच्या मुली एकमेकींना हाका मारमारून बेजार व्हायच्या. आम्ही चूपचाप. ठाण्याला एका पंचांनी आम्हाला विचारलं होतं, तुम्ही दोघी एकमेकींशी भांडलाय का?

याच चूपचाप खेळावर आम्ही जिल्हा, राज्य करत करत भारताच्या युवा संघात जाऊन पोहोचलो. एका मैदानातल्या दोघी. सर कुणालाही धरून सांगत सुटले होते. आई तर कशेळीला माहेरी जाऊन सगळ्या मामांना सांगून आली. मामा विचारायचे, टीव्हीवर दिसशील का? आई म्हणायची, "दिसंल, का न्हाय दिसनार!"

मी दिसणार की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. संघात बारा जणी आणि कोर्टवर सात. आणि वयाच्या हिशोबात ते माझं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मी युवा राहणार नव्हते, आणि मोठ्यांच्या संघात घुसण्याइतकी उंची देवाने दिली नव्हती. म्हणजे भारताचा टीशर्ट घालून कोर्टवर उभं राहायचं तर तेव्हाच. नाहीतर कधीच नाही. विमानात बसल्यापासून जीव टांगणीला लागला तो त्यामुळेच.

हवा, जेवण, लाकडी कोर्ट, सगळ्याची सवय व्हावी म्हणून आम्हाला स्पर्धेच्या बरेच दिवस आधी नेलं होतं. वसतिगृह एका टेकडीच्या पायथ्याशी. आत शिरताना बूट काढायचे, सपाता घालायच्या. त्या सपातांचाही आवाज यायचा नाही. कॉरिडॉरमध्ये माणसं हळू बोलायची, लिफ्ट हळू बोलायची. पहिल्या सकाळी मी खिडकी उघडली, आणि काहीच नाही. रस्ता होता, बस जात होती, समोरच्या गच्चीवर एक आजोबा मिरच्यांना पाणी घालत होते, पण आवाज म्हणून नाही. मला वाटलं, विमानात कानाला दडे बसलेत ते सुटलेच नाहीत. मी रुखसारकडे बघून नुसते ओठ हलवले, "कान?" तिनेही तसंच सांगितलं, "माझेपण."

जेवण म्हणजे भात, पातळ सूप आणि आंबवलेला कोबी. रुखसार मांस हलाल आहे का ते विचारून विचारून बाजूला ठेवायची, मग अंडं आणि भातावर राहायची. आईने मला सुक्या जवळ्याची चटणी दिली होती, डबा तीन पिशव्यांत बांधून. "तिकडचं काय भरवसा न्हाय, भातावर घालून खा." आम्ही दोघींनी तो खोलीत उघडला आणि थोड्या वेळात वसतिगृहाची सांभाळणारी बाई दारात हजर. वास घेत घेत आली होती. आम्ही घाबरलो. तिने डब्यात डोकावलं, चिमूटभर तोंडात टाकली आणि तिचा चेहरा असा काही खुलला की बस. नंतर ती स्वतःच्या घरच्या बारीक सुक्या मासळीची वाटी घेऊन आली. आमच्या कोच, हरियाणाच्या चौधरी मॅडम मात्र नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "भिवंडीवालियों, ये खिड़की खोल के खाओ."

दुपारी आम्हाला मोकळं सोडायचे आणि तेच मला सोसायचं नाही. बाकीच्या मुली फोटो काढायच्या, मोजे घ्यायच्या. मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायची आणि काही न घेता परत यायची. रस्ता रिकामा असायचा, लांबवर एक गाडी नसायची, आणि तरी लाल दिव्यापाशी माणसं खांबासारखी उभी. एकदा रुखसार सरळ चालत पलीकडे गेली. भिवंडीत ट्रकच्या चाकाखालून वाट काढणारी मुलगी, ती रिकाम्या रस्त्याला थोडीच घाबरणार? पलीकडे पोचून तिने मागे बघितलं तर सगळी माणसं तिच्याकडे बघतायत. ती तशीच परत अलीकडे आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. दिवा हिरवा झाल्यावर पुन्हा गेली. मी हसून हसून खाली बसले. पण तो दिवस आठवला की मला अजूनही तेच आठवतं, थांबणं. नुसतं उभं राहून कशाची तरी वाट बघणं.

मग सराव सामने सुरू झाले, तिथल्या एका कॉलेजच्या मुलींशी. मला अडवायला त्यांची जी गोलकीपर उभी राहिली ती माझ्याहून हातभर उंच. ती माझ्यापुढे आली की मी कोर्टवरून पुसलीच जायची. रुखसार बॉल घेऊन रिंगेभोवतीच्या वर्तुळाच्या कडेला यायची आणि माझं तोंड शोधायची. तोंड नाही. डावीकडून बघायची, उजवीकडून बघायची, आणि शिट्टी. तीन सेकंद संपले. बॉल त्यांचा. पुन्हा तेच. पुन्हा शिट्टी. तिथल्या पंच आपल्याकडच्यासारख्या 'जाऊ दे' म्हणणाऱ्या नव्हत्या.

"मुँह क्या देख रही है उसका?" चौधरी मॅडम बाहेरून ओरडल्या, "शादी करनी है? आवाज़ सुन और फेंक! और तू, प्राजक्ता, आवाज़ दे! गूँगी है क्या?"

मी तोंड उघडलं. आत श्वास होता, शब्द होता, पण आवाज निघेना. कसं सांगू? तुम्हाला भर बाजारात गाणं म्हणायला सांगितलं तर कसं होईल, तसं. आमच्याकडे लांबून हाक मारणं म्हणजे भांडण काढणं. समोरच्या मुली 'हिअर, हिअर' करत होत्या, आमची कर्नाटकची पल्लवी बाहेर बसूनसुद्धा 'कम ऑन' करत होती, आणि मी त्या उंच मुलीच्या पाठीमागे भुवया उडवत होते. कुणाला दिसणार त्या?

मॅडमनी आठ दिवसांची मुदत दिली. आवाज काढा, नाहीतर दोघींना एकत्र खेळवणार नाही.

मग आम्ही सकाळी उठून टेकडीवर जायला लागलो, ओरडायला शिकायला. आता सांगताना हसू येतं, तेव्हा रडू यायचं. रुखसार खाली एका झाडामागे लपायची आणि मी वरून तिला हाक मारायची, असं ठरलं होतं. मी 'रुखसार' म्हणायची, तेवढ्यावर चिमणीसुद्धा उडायची नाही. तिथे म्हाताऱ्या बायका व्यायामाला यायच्या, डोक्यावर रुंद कडेच्या टोप्या. त्यातली एक आजी आमचा तमाशा रोज बघत होती. एकदा तिने माझ्या पोटावर थाप मारली, स्वतः कमरेवर हात ठेवले आणि दरीकडे तोंड करून अशी काही आरोळी ठोकली की समोरच्या टेकडीवरून उत्तर आलं. मग माझ्याकडे बघून हात केला, आता तू. मी पोट आवळलं, डोळे मिटले आणि ओरडले. आजीने खांदे उडवले, पिशवीतून काकडी काढली, अर्धी मला, अर्धी रुखसारला दिली आणि निघून गेली.

"झाडामागे ऐकू आलं का?" मी विचारलं.

"थोडंसं," रुखसार म्हणाली. खोटं बोलत होती, आणि मला ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मुदत संपली त्या दिवशी मॅडमनी माझ्या जागी पल्लवीला घातलं. पल्लवी काही माझ्याहून भारी शूटर नव्हती, हे मी आजही सांगेन. पण तिचा आवाज! "रुक्सार, हिअर! रुक्सार, बॅक!" तिला ख म्हणता यायचा नाही, पण हॉलच्या छतापर्यंत ऐकू जायचं. पहिल्या एकदोनदा रुखसारने सवयीने तोंड शोधलं. मग शोधणं सोडलं. आणि मग मी काठावर बसून जे बघितलं ते मला आवडलं नाही. ती उडत होती. बॉल हातात आला न आला की गेला. मान खाली नाही, डोळे भिरभिर नाहीत. इतकी वर्षं मी तिच्यासोबत खेळले आणि ती एवढी वेगात खेळू शकते हे मला माहीतच नव्हतं. माहीत कसं होणार? माझ्यासोबत खेळताना ती माझ्यासाठी थांबत होती.

मला तिचा राग आला, पल्लवीचा आला, त्या उंच मुलीचा आला, आमच्या घराच्या भिंतीचा आला. एवढा हेवा मला आयुष्यात नंतर कुणाचाच वाटला नाही, आणि ज्या मुलीचा वाटला तीच माझी एकुलती मैत्रीण होती.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी बिब वाटायचे होते. बिब म्हणजे छातीवर आपल्या जागेचं अक्षर लिहिलेला तो पट्टा. ज्या सात जणींना मिळतो त्या खेळणार. आम्ही हॉलच्या कडेला मांडी घालून बसलो. मॅडमनी बाकीचे वाटले, रुखसारला सेंटरचा दिला आणि शेवटचा हातात धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं, पल्लवीकडे बघितलं. वाटतं तेवढ्या त्या दुष्ट नव्हत्या. माझं हे शेवटचं वर्ष आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"रुखसार," त्या म्हणाल्या, "गेंद तुझे देनी है. तू बोल."

आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागत होता. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला खात्री होती. एका गल्लीतली, एका मैदानातली, एका डब्यात जेवलेली. विचारायचं काय त्यात?

"पल्लवी," रुखसार म्हणाली. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वसतिगृहावर परतताना बसमध्ये ती माझ्याजवळच येऊन बसली. मी खिडकीकडे तोंड केलं. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही, तोंड फिरवणं म्हणजे तुझं बोलणं बंद. मग माझ्या खांद्याला धरून तिने मला वळवलं.

"मला जिंकायचंय, प्राजू."

"मग मला काय हरायचंय?"

"तुझ्यासोबत मी खेळले तर आपण हरू. तुला पण माहीत आहे. मैं झूठ बोलती तो तू खुश होती क्या?"

"हो," मी म्हणाले. आणि खरंच झाले असते. ती रडायला लागली, मग मीही. पुढच्या सीटवरून पल्लवी वळून विचारत होती, क्या हुआ, क्या हुआ, आणि तिच्या त्या मोठ्या आवाजाने आम्ही आणखीच रडलो.

रुखसार आता इथल्याच एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आमचं बोलणं एका दिवसासाठीही तुटलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की आता काहीतरी मोठं निघणार. कालच आली होती. गल्लीतल्या शांततेने तीही वैतागली होती. दोघी गॅलरीत उभ्या राहिलो, खाली बंद लूमच्या दारात मांजर झोपलं होतं. तिच्या मुलींचा संघ राज्याला निघालाय. तिने सांगितलं, यातल्या एकीलाही हाक मारता येत नाही, सगळ्या आपल्याच गल्लीबोळातल्या. मी विचारलं, मग काय शिकवतेस? ती म्हणाली, आधी ओरडायला शिकवते, बॉल नंतर. मी हसले. ती गेल्यावर मात्र मला पुन्हा घरात बसवेना. वाटलं, आम्हाला कुणी वेळेवर शिकवलं असतं तर? या 'तर' ला काही अर्थ नाही हे कळतं. कळून उपयोग होत नाही. काहीतरी हातातोंडाशी येऊन गेलं की त्याची रुखरुख वयाबरोबर जाते म्हणतात. माझी मेच्या शेवटी परत येते.

कोरियात आमचा पहिला सामना होता त्या दिवशी मी बाकावर बसले, अंगात भारताचं जाकीट, छातीवर बिब नाही. बारा देशांची माणसं आली असतील की कमी, मला आठवत नाही, पण हॉल भरला होता आणि आम्ही दोन गोलांनी मागे होतो. मॅडम नखं खात होत्या. बॉल रुखसारकडे आला. पल्लवी पडली होती, उठत होती, तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. आणि रुखसारने, इतक्या दिवसांनी, मान वळवली. ती तोंड शोधायला लागली. एक. मला दिसत होतं की पल्लवी उठलीय, डावीकडे मोकळी आहे. दोन. मला शिट्टी आधीच ऐकू येत होती.

"डावी! टाक!"

मी उभी होते. कधी उठले ठाऊक नाही. अख्खा हॉल माझ्याकडे वळला. रुखसारने मागे बघितलं नाही, तोंड शोधलं नाही, बॉल डावीकडे फेकला आणि पल्लवीने तो रिंगेतून खाली सोडला.

माझा घसा सोलवटला होता. चौधरी मॅडमनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, मला कळलं नाही.

"अब निकली," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. भारतासाठी मी खेळले ते एवढंच.